आयकॉन गेला, पण प्रोग्राम कुठे आहे?

देवगडहून एका आंबा बागायतदारांनी विचारलं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या भाच्याने त्यांचा कॉम्प्युटर 'साफ' करून दिला. डेस्कटॉप चकाचक झाला, पण ज्यात पेट्यांची बिलं व्हायची त्या प्रोग्रामचा आयकॉनही गेला. मशीनवर विंडोज १० आहे. प्रोग्राम टाकून देणारा माणूस फोनवर म्हणतो, "परत टाकावा लागेल, बघू चार दिवसांनी." हंगाम ऐन भरात. तर प्रोग्राम खरंच गेला का, असेल तर उघडायचा कसा, आणि जुन्या येण्या-देण्याचं काय?

चार दिवस थांबू नका, आणि घाईने परत टाकूही नका. अशा वेळी प्रोग्राम बहुतेक जागच्या जागीच असतो. परत टाकला की तो स्वतःसाठी नवा, कोरा डेटा फोल्डर करतो. मग उघडल्यावर एकही गिऱ्हाईक दिसत नाही आणि 'सगळे हिशोब गेले' म्हणून घरात रडारड. हिशोब जुन्या फोल्डरमध्ये सुखरूप असतात, नव्या प्रोग्रामला त्यांचा पत्ता नसतो इतकंच. काही जुने प्रोग्राम तर त्याच फोल्डरवर स्वार होऊन कोऱ्या फायली जुन्यावर लिहितात, आणि तेव्हा मात्र खरंच जातात. म्हणून आधी शोधायचं, टाकायचं सगळ्यात शेवटी.

डेस्कटॉपवर जे चित्र असतं, ज्याच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो, तो प्रोग्राम नव्हे. तो शॉर्टकट. एक-दोन केबीची फाईल, जिच्यात प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये आहे एवढंच लिहिलेलं असतं. हायवेला नांदगाव तिठ्यावरची देवगडची पाटी कोणी काढून नेली, तर देवगड काही जाग्यावरून हलत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. आमच्याकडे फोन येतो तो "माझो प्रोग्राम खंय गेलो?" असाच, आणि दर वेळी गेलेली असते ती पाटी.

सुरुवात अगदी फालतू वाटणाऱ्या गोष्टीपासून करा. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक, मग 'व्ह्यू', आणि त्यात 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर खूण आहे का बघा. नसेल तर सगळे आयकॉन तिथेच आहेत, फक्त लपवलेत. विंडोज १० मध्ये टॅब्लेट मोड चालू झाला तरी डेस्कटॉप असाच रिकामा दिसतो. हे नसेल तर रिसायकल बिन उघडा. भाच्याने तो रिकामा केला नसेल तर शॉर्टकट तिथे पडलेला असेल. राइट क्लिक, 'रिस्टोर', काम झालं. आणखी एक शक्यता म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली ठेवायची सोय. त्याने 'डेस्कटॉपचा बॅकअप घेऊ का' असं विचारलेलं असतं, कोणीतरी हो म्हटलेलं असतं, आणि तेव्हापासून डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हच्या आत जाऊन बसलेला असतो. वनड्राइव्ह बंद केलं की डेस्कटॉप ओस. अशा वेळी वनड्राइव्हच्या फोल्डरात 'डेस्कटॉप' नावाचा फोल्डर उघडून बघा.

यातलं काहीच नसेल तर स्टार्ट मेनू, म्हणजे खालच्या पट्टीवरचं विंडोजचं बटण दाबलं की उघडतो तो. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर आलेली ही गोष्ट. २०१२ मध्ये विंडोज ८ ने ते बटण काढलं, लोकांनी एवढी ओरड केली की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं आणि २०१५ ला विंडोज १० मध्ये पूर्ण मेनू. एवढी जुनी सोय, तरी आपल्याकडचे बहुतेक लोक ते बटण फक्त मशीन बंद करायला वापरतात.

कीबोर्डवरची विंडोजची कळ एकदा दाबा आणि माऊसला हात न लावता सरळ प्रोग्रामचं नाव टाइप करायला लागा. शोधायचा चौकोन दिसत नसला तरी अक्षरं तिथेच जातात. दोन-तीन अक्षरांतच यादी येते, हवं ते वर आलं की एंटर.

इथे कोकणात, किंबहुना महाराष्ट्रभर, एक खास अडचण येते. ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, शाळेत जिथे जिथे मराठी युनिकोडमध्ये काम चालतं तिथे कीबोर्ड बरेचदा मराठीवरच राहिलेला असतो. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना पेंट शोधायला पी-ए-आय-एन-टी दाबलं की चौकोनात उमटतं 'जोगलू'. कॅल्क्युलेटरसाठी सी-ए-एल-सी दाबलं की 'मोतम'. विंडोज इमानदारीत जोगलू शोधतो आणि काही सापडलं नाही म्हणून सांगतो. माणूस समजतो प्रोग्राम उडाला. तेव्हा टाइप करण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी कुठली भाषा दिसते ते बघा. मराठी असेल तर विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. ही एवढी सवय लावून घेतली तर आमच्याकडे येणारे निम्मे फोन बंद होतील, आणि आमची त्याला हरकत नाही.

दुसरी अडचण नावाची. तुम्ही ज्याला 'बिलिंग' म्हणता त्याचं नाव बिलिंग नसतं. प्रोग्राम स्टार्ट मेनूत स्वतःच्या नावाने किंवा बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या फोल्डरात बसलेला असतो. वर्ड शोधताय आणि मशीनवर त्याऐवजी लिबरऑफिस हा मोफत संच आहे, तर 'रायटर' शोधायला हवं. म्हणून जुन्या छापील बिलाच्या अगदी खालची बारीक ओळ वाचा. तिथे पुष्कळदा प्रोग्रामचं नाव छापलेलं असतं. नाव अजिबातच आठवत नसेल तर शोधू नका, यादी चाळा. विंडोज १० मध्ये स्टार्ट उघडला की डावीकडे सगळ्या प्रोग्रामांची यादी अक्षरांच्या क्रमाने येते. त्यातल्या 'ए' किंवा 'बी' अशा सुट्या अक्षरावर क्लिक केलं की सगळी अक्षरं समोर येतात आणि हव्या त्या अक्षरावर उडी मारता येते. विंडोज ११ मध्ये यासाठी वर उजवीकडे 'ऑल अॅप्स' आहे. अलीकडच्या अपडेटनंतर ती यादी त्याच पानावर खाली सरकत गेलं की दिसते.

मला स्वतःला यापेक्षा आवडतो तो एक आडवाटेचा फोल्डर. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी 'रन'ची चौकट येईल. तीत इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, शेल, मग कोलनचं चिन्ह, मग अॅप्सफोल्डर असं लिहून एंटर मारा. मशीनवरच्या सगळ्या प्रोग्रामांचे आयकॉन एका खिडकीत मोठे मोठे मांडून येतात. वयस्कर माणसांना हे फार बरं पडतं, कारण त्यांना नाव आठवत नसलं तरी चित्र ओळखता येतं. तिथेच आयकॉनवर राइट क्लिक करून 'क्रिएट शॉर्टकट' म्हणा. इथे शॉर्टकट ठेवता येत नाही, डेस्कटॉपवर ठेवू का, असं विंडोज विचारेल. हो म्हणा. पाटी परत लागली.

इथेही नसेल तर मग दोन गोष्टी संभवतात. एक, भाच्याने खरोखरच प्रोग्राम काढून टाकलाय. दोन, तुमचा प्रोग्राम विंडोजच्या पद्धतीने कधी 'इन्स्टॉल' झालेलाच नाही.

पहिलं तपासायला सेटिंग्जमध्ये 'अॅप्स'ची यादी आहे, पण मी अजून कंट्रोल पॅनेलमधलं जुनं 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' उघडतो, कारण तिथे कंपनीचं नाव आणि टाकल्याची तारीख शेजारी शेजारी दिसते. तारखेच्या मथळ्यावर क्लिक केलं की यादी तारखेप्रमाणे लागते. कॉम्प्युटर घेतला त्या सुमाराचे प्रोग्राम बघा, त्यात तो असेल तर आहे. मात्र सांभाळून. या यादीतून प्रोग्राम उघडत नाही. इथे नावावर डबल क्लिक केलं की तो काढून टाकायचं काम सुरू होतं. "उघडतो म्हणून दाबलं आणि हो-हो करत गेलो," अशाने खरोखर प्रोग्राम गमावलेले लोक आहेत. तेव्हा या खिडकीत फक्त वाचायचं.

दुसरी शक्यता आपल्या भागात जास्त. पतसंस्था, किराणा दुकानं, मच्छीचे व्यापारी, आंबेवाले, यांच्याकडे वर्षानुवर्षं चाललेले बिलिंगचे प्रोग्राम कोणा स्थानिक मुलाने फॉक्सप्रो या जुन्या भाषेत लिहून दिलेले असतात. टाकायची पद्धत म्हणजे सी किंवा डी ड्राइव्हवर एक फोल्डर कॉपी करायचा आणि त्यातल्या एका बॅट फाईलचा (प्रोग्राम सुरू करायचे हुकूम लिहिलेली छोटी फाईल) शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवायचा. असा प्रोग्राम ना स्टार्ट मेनूत दिसतो, ना काढायच्या यादीत. शॉर्टकट गेला की त्याचा मागमूस राहत नाही, पण फोल्डर असतो. फाईल एक्सप्लोरर उघडा, आधी डी ड्राइव्ह, मग सी, आणि ज्या फोल्डरांची नावं विंडोजची वाटत नाहीत ती बघत जा. शोधाच्या चौकोनात चांदणीचं चिन्ह, टिंब आणि बॅट असं इंग्रजीत लिहिलं तर त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या बॅट फायली येतात. तारखेप्रमाणे लावा. डेटाच्या फायली कुठल्या फोल्डरात कालपरवापर्यंत बदलल्यात ते बघितलं तरी पत्ता लागतो, कारण रोज बिलं होत होती म्हणजे रोज तिथली तारीख बदलत होती. माझा भरवसा नावापेक्षा या तारखेवर जास्त.

फोल्डर सापडला की लोक एक हमखास करतात. आतली ईएक्सई फाईल, म्हणजे खुद्द प्रोग्रामची फाईल, कट करून डेस्कटॉपवर पेस्ट. हे करू नका. त्या फाईलला सोबतच्या डीएलएल नावाच्या मदतनीस फायली, फाँट, डेटा सगळं आपल्या बाजूला लागतं. एकटीला उचलून आणली की 'अमुक डीएलएल सापडत नाही' म्हणून बसते. ती जिथे आहे तिथेच राहू द्या, तिच्यावर राइट क्लिक, 'सेंड टू', 'डेस्कटॉप, क्रिएट शॉर्टकट'. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' म्हणावं लागतं.

शॉर्टकट झाल्यावर त्याच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' एकदा उघडून बघाच. दोन ओळी महत्त्वाच्या. 'टार्गेट' म्हणजे कुठली फाईल चालवायची. आणि तिच्या खाली 'स्टार्ट इन', म्हणजे कुठल्या फोल्डरात उभं राहून चालवायची. नवीन प्रोग्रामांना या दुसऱ्या ओळीचं फारसं काही वाटत नाही. जुने प्रोग्राम मात्र ज्या फोल्डरात उभे असतील तिथेच डेटा शोधतात. 'स्टार्ट इन' रिकामं किंवा चुकीचं असलं की प्रोग्राम व्यवस्थित उघडतो, पण आत गिऱ्हाईक शून्य, किंवा 'फाईल सापडत नाही' म्हणतो. वर सांगितलेल्या 'सेंड टू'ने केला तर ही ओळ आपोआप बरोबर भरली जाते. हाताने शॉर्टकट करणाऱ्यांनी लक्ष ठेवावं.

विंडोजच्या दोन जाती, जुनी ३२-बिट आणि नवी ६४-बिट. विंडोज १० च्या ३२-बिट मशीनवरून ६४-बिट मशीनवर गेलात तर हाच जुना प्रोग्राम सापडूनही चालेलच असं नाही. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळातले १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोज चालवतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच येतं. अशा वेळी डॉसबॉक्ससारखं, जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारं काहीतरी मध्ये घालावं लागतं, आणि प्रिंटरचं दुखणं त्यातून वेगळंच सुरू होतं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता बरेच जण मशीन बदलताहेत. बदलण्याआधी आपला प्रोग्राम कुठल्या जातीचा आहे हे विचारून घ्या. आणि साधा, नीट इन्स्टॉल केलेला प्रोग्राम असेल तर त्याचा 'प्रोग्राम फाइल्स'मधला फोल्डर पेनड्राइव्हवर घालून नव्या मशीनवर टाकला म्हणजे तो चालेल, असं समजू नका. त्याच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत असतात, त्या फोल्डराबरोबर येत नाहीत. तिथे मूळ सेटअपच हवा.

आयकॉन आहे, पण पांढऱ्या कोऱ्या कागदासारखा झालाय आणि दाबलं की 'शोधतोय' म्हणून टॉर्च फिरवत बसतो, अशीही तक्रार येते. म्हणजे पाटी आहे, पण ती दाखवते तिथे काही उरलेलं नाही. कधी डी ड्राइव्हच ओळखला जात नसतो. पावसाळ्यात लाईट दहा वेळा येते-जाते, त्यात जुन्या हार्डडिस्कचं हे होतं. कधी अँटिव्हायरसने ईएक्सई उचलून कोंडून ठेवलेली असते. विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन हिस्ट्री' बघा, तिथे नोंद सापडेल. क्रॅक केलेला प्रोग्राम असेल तर हे कधी ना कधी होणारच, त्यावर मी काही उपाय सांगणार नाही. आणि पेनड्राइव्हवर एखाद्या फोल्डरच्या जागी अचानक बाणवाला आयकॉन दिसला, तर त्याला हात लावू नका. तो पेनड्राइव्हमधून पसरणारा व्हायरस असतो. सायबर कॅफेत आणि झेरॉक्सच्या दुकानात तो अजून फिरतोय.

स्टार्टमध्ये टाइप केलं तरी काहीच उमटत नाही, शोध गोठलेला, अशी वेळ आली तर मशीन फॉरमॅट करायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'विंडोज एक्सप्लोरर'वर राइट क्लिक, 'रीस्टार्ट'. क्षणभर खालची पट्टी नाहीशी होऊन परत येते, आणि बरेचदा शोधही सुरू होतो.

प्रोग्राम एकदा उघडला की तो कुठे राहतो हे लगेच कायमचं लिहून ठेवायचं. चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटलं की तो फोल्डर समोर उभा. स्टार्टमधल्या नावावर 'ओपन फाइल लोकेशन' केलंत तर मात्र आधी शॉर्टकटांचा फोल्डर उघडतो. तिथे त्या शॉर्टकटवर पुन्हा तेच करायचं, मग खरी जागा मिळते. लोक पहिल्याच फोल्डराचा बॅकअप घेतात आणि निर्धास्त होतात. त्या बॅकअपमध्ये दोन केबीच्या पाट्या असतात, बाकी काही नाही.

पुन्हा असं होऊ नये म्हणून डेस्कटॉपवर भिस्त ठेवूच नका. डेस्कटॉप ही येणाऱ्या-जाणाऱ्याने झाडू मारायची जागा आहे. प्रोग्राम चालू असताना खालच्या पट्टीवर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'पिन टू टास्कबार' करा आणि ओढून सगळ्यात डावीकडे, पहिल्या जागी ठेवा. त्यानंतर विंडोजची कळ आणि १ दाबलं की तो उघडतो. दुसऱ्या जागेवरचा २ ने. बॅट फाईल टास्कबारवर सरळ बसत नाही, तिच्यासाठी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की'च्या चौकोनात बी दाबा, तिथे कंट्रोल, ऑल्ट, बी असं आपोआप लिहिलं जातं. मात्र ही कळ शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच चालते, म्हणून तो शॉर्टकट स्टार्ट मेनूच्या फोल्डरात ठेवा. भाचा तिथवर जात नाही.

काही ठिकाणी, विशेषतः शाळा-वाचनालयांत, विंडोजऐवजी लिनक्स आहे. तत्त्व तेच. विंडोजची कळ दाबायची, नाव टाइप करायचं. मेनूतलं प्रत्येक नाव म्हणजे डॉट डेस्कटॉप शेपटीची एक साधी मजकूर फाईल. सगळ्यांसाठीच्या फायली यूएसआरच्या आत शेअर, त्याच्या आत अॅप्लिकेशन्स, या फोल्डरात असतात. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या लिनक्सच्या पद्धतींनी नुकताच टाकलेला प्रोग्राम मेनूत दिसत नसेल तर एकदा लॉगआउट करून परत या. अॅपइमेज, म्हणजे एकाच फाईलीत बांधलेला प्रोग्राम, मात्र स्वतःहून मेनूत जात नाही. ती उतरवलेल्या फोल्डरातच पडून असते, आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये चालवायची परवानगी दिल्याशिवाय दोनदा दाबूनही काही होत नाही. मॅकवाल्यांनी कमांड आणि स्पेसबार दाबून नाव टाइप करावं. आणि डाउनलोड केलेल्या डीएमजीतूनच (मॅकचा प्रोग्राम ज्यात बांधून येतो ती फाईल) प्रोग्राम चालवत बसू नये, तो अॅप्लिकेशन्समध्ये ओढून टाकावा. नाहीतर मशीन बंद करून चालू केलं की तो 'गायब' होतो.

आता तुमच्यापुरतं. आज संध्याकाळी रिसायकल बिन, मग स्टार्टची यादी, मग ते शेल कोलन अॅप्सफोल्डर, मग डी ड्राइव्ह, या क्रमाने बघा. सापडला तर बिल करण्याआधी तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. एवढं करूनही नाही सापडला तर त्या माणसाला बोलवा, पण फोनवरच तीन गोष्टी विचारून ठेवा: डेटा कुठल्या फोल्डरात ठेवला होता, लायसन्सचा नंबर कोणाकडे आहे, आणि तो येऊन काही टाकायच्या आधी जुना फोल्डर दुसरीकडे कॉपी करणार का. तिसऱ्यावर "त्याची काय गरज" असं उत्तर आलं, तर कॉपी तुम्हीच करून ठेवा आणि मगच त्याला मशीनसमोर बसू द्या.